स्पेनची सनद आणि दम्मामची खळ

आमच्या घरी ही गोष्ट मी दर दिवाळीला सांगतो आणि दर वर्षी क्षेपणास्त्र थोडं जवळ पडतं. पहिल्यांदा ते समुद्रात पडलं होतं. मग बंदरावर. गेल्या वर्षी मी ते आमच्या छापखान्याच्या गल्लीच्या तोंडाशी आणलं, तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, पुढच्या दिवाळीत तुम्ही ते झेलणार बहुतेक." बायको चकल्या पाडत होती. ती पाठमोरी असूनही हसतेय हे कळत होतं.

आता छापून यायचंय म्हटल्यावर कबूल करतो की क्षेपणास्त्र कुठं पडलं ते मला आजही ठाऊक नाही. आणि या गोष्टीतला एक भाग मी घरी कधी सांगितलेलाच नाही. नेमकी गोष्ट त्या भागात आहे.

मी बाइंडर. मिरजेत एका छापखान्यात जुजबंदी शिकलो आणि तिशीत सौदीत दम्मामला गेलो. जुजबंदी म्हणजे काय, हे हल्ली सांगावं लागतं. छापलेले मोठे कागद घडी घालून सोळा-सोळा पानांचे जुज करायचे, एकेक जुज दोऱ्यानं शिवायचा, पाठीला सरस लावायचा, वरून पुठ्ठा नि कापड खळीनं चिकटवायचं. खळ म्हणजे मैद्याची शिजवलेली पेज, बाकी काही नाही. हे सगळं कोणालाही महिनाभरात येतं. न येणारी गोष्ट एकच, थांबणं. खळ वरून वाळली तरी पुठ्ठ्याच्या पोटात ओली असते. ती पुरती वाळेपर्यंत वस्तू दाबात ठेवायची आणि तोवर तिला हात लावायचा नाही. माझं निम्मं शिक्षण हात मागं बांधून उभं राहण्यात गेलं.

दम्मामच्या छापखान्यात बाइंडिंगला आम्ही दोघंच. मी आणि माझे वरिष्ठ रिफअत उस्ताद. ते कैरोचे, साठीला आलेले, पोटानं भारदस्त आणि बोटांनी बाईमाणसासारखे नाजूक. आम्ही कंपन्यांची लेजरं बांधायचो, अहवाल बांधायचो. कोणी घरातलं जुनं कुराण दुरुस्तीला आणलं तर ते फक्त उस्ताद हाताळायचे, तेही हातपाय धुऊन. मला ते "या मुअल्लिम" म्हणायचे. म्हणजे कसबी माणूस, गुरुजी. आमचं हिंदी-अरबी-इंग्रजी कडबोळं मला जेमतेम कळत होतं, तरी त्या हाकेतली टिंगल व्यवस्थित कळायची.

नव्वदच्या ऑगस्टात इराकनं कुवेत घेतलं. जानेवारीत खरी लढाई सुरू झाली आणि विषारी वायूची धास्ती पसरली. रेडिओवर सूचना यायच्या. घरातली एक खोली निवडा, खिडक्यांना प्लास्टिक लावून कडेनं चिकटपट्टी मारा, दाराच्या फटीला ओला टॉवेल लावा. गावातली खाकी चिकटपट्टी दोन दिवसांत संपली आणि लोकांच्या लक्षात आलं की ती बाइंडरकडे असते.

आयुष्यात पहिल्यांदा मला महत्त्व आलं. आमच्या कामगार कॅम्पातले राजापूरचे वेल्डर, रत्नागिरीचे फिटर, एरवी मला "वह्या शिवणारा" म्हणायचे. ते आता "जरा येऊन खिडकी बघ ना रे" म्हणू लागले. मी जायचो, पट्टीवरून नख फिरवायचो, "इथं हवा आत येतेय बघ," म्हणायचो. मला काय कळत होतं, डोंबल! पण आठवड्याभरात दम्मामचा निम्मा बचाव माझ्यावर अवलंबून आहे अशी माझी खात्री झाली होती.

अशा भरात असताना एस्तेबान साहेब आले.

हे स्पॅनिश इंजिनिअर, खारं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यावर नोकरीला. उंच, वाकलेले, बायको वारलेली. आमच्याकडून कारखान्याचे अहवाल बांधून घ्यायचे, म्हणून ओळख. त्या दिवशी उस्ताद त्यांच्या दूतावासाच्या कुठल्याशा कागदासाठी रियाधला गेले होते. साहेबांनी काखेतली उशी टेबलावर ठेवली, तिचा अभ्रा काढला आणि आतून एक पुस्तक बाहेर आलं.

मी हात धुऊन आलो. कोणी सांगितलं नव्हतं.

पानं कागदाची नव्हती, कातड्याची होती. वासराचं कातडं तासून, ताणून इतकं तलम केलेलं की बोट मागं धरलं तर सावली दिसावी. डावीकडच्या पानावर चित्र. वर निळ्या झग्यातली मेरी, मांडीवर मूल. खाली एक कुटुंब ओळीनं गुडघे टेकून बसलेलं: बाप, आई, तीन मुलगे आणि शेवटी उतरत्या उंचीच्या दोन मुली. धाकटी तर तांदळाच्या दोन दाण्यांएवढी, पण तिनं जोडलेल्या हातांची बोटं वेगवेगळी दिसत होती. चित्रावर लाल रेशमाचा पातळ पडदा, पानाच्या कडेला टाचलेला. तो उचलायचा, चित्र बघायचं, पुन्हा सोडायचा. समोरच्या पानावर सोन्यात मढवलेलं एक अक्षर, तिथून राजाचं नाव सुरू. आणि पुस्तकाच्या खालून रंगीत रेशमी दोरीला शिशाची जड मोहोर लोंबत होती.

पण मी बाइंडर, माझं लक्ष भलतीकडेच. कातड्याला एक केसांची बाजू असते, थोडी पिवळट, बारीक ठिपक्यांची. आणि एक मांसाची, पांढरी. बांधणाऱ्यानं पिवळ्यासमोर पिवळी आणि पांढरीसमोर पांढरी बाजू येईल अशीच सगळी पानं लावली होती. पुस्तक कुठंही उघडा, दोन्ही पानं एका रंगाची. चारशे वर्षांपूर्वी कोण्या माणसानं ही काळजी घेतली होती आणि ती दुसऱ्या बाइंडरशिवाय कोणाच्या लक्षात येणार नाही हेही त्याला माहीत असणार. मला त्याचा हात हातात घ्यावासा वाटला.

"हे काय आहे, साहेब?"

साहेबांनी सांगितलं. त्यांच्या एका पूर्वजाचं नाव गावच्या पंचांनी करदात्यांच्या यादीत घातलं. त्या काळी तिकडे खानदानी माणूस तो कर देत नसे. म्हणजे यादीत नाव येणं हाच अपमान. तो गडी राजाच्या कोर्टात गेला, वर्षानुवर्षं भांडला आणि जिंकला. मग राजाच्या नावानं ही सनद निघाली: हा माणूस आणि याची मुलंबाळं कुलीन आहेत, यांना कोणी हात लावायचा नाही. चित्रं त्यानं पदरचे पैसे घालून काढून घेतली.

"आमच्याकडे कर भरला नाही तर नोटीस येते," मी म्हटलं. "तुमच्याकडे सोन्यानं लिहून मिळतं?"

साहेब मनापासून हसले. मग म्हणाले, "तुमच्या घराण्यात असं काही?"

"आहे ना. रेशन कार्ड. त्यावरही आडनाव चुकलंय."

मग मुद्द्याचं बोलणं झालं. हे पुस्तक घराण्यातल्या थोरल्यानं सांभाळायचं असा त्यांच्याकडे रिवाज, आणि थोरली होती त्यांची बहीण. साहेबांनी ते फोटो काढून घेण्यासाठी म्हणून तिच्याकडून नेलं आणि परत द्यायचं राहून गेलं. बहिणीला वाटत होतं की ते माद्रिदला बँकेच्या लॉकरमध्ये आहे. "तिला कळलं की मी हे युद्धात घेऊन बसलोय," साहेब म्हणाले, "तर बॉम्बची गरज पडणार नाही. मला एक पेटी करून द्या. मजबूत."

मजबूत? मी त्यांना अशी पेटी देणार होतो की विषारी वायूच काय, देवाची इच्छाही आत जाऊ नये. दोनपदरी पुठ्ठा, बाहेरून काळं कापड, आतून मखमल, दोन्हींमध्ये प्लास्टिक, झाकणाला रबराची कड. दुपारी सुरू केली, दुसऱ्या दिवशी दुपारी तयार. वरून हात लावला तर कोरडी ठणठणीत. सनद आत ठेवली, झाकण लावलं आणि चारी बाजूंनी खाकी पट्टी मारली. पट्टीवरून नख फिरवलं. साहेबांना म्हटलं, "आता लढाई संपेपर्यंत उघडू नका."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मी दोन दिवस छाती काढून फिरत होतो.

तीन आठवड्यांनी एका सकाळी साहेब परत आले. कंपनी त्यांना मायदेशी पाठवत होती; परवा दुपारचं विमान. पेटी सामानात मावेना म्हणून त्यांनी पट्टी कापून झाकण उघडलं होतं. त्यांनी पेटी माझ्यापुढे आणि रियाधहून परतलेल्या उस्तादांपुढे सरकवली.

पानं तळलेल्या पापडासारखी वेडीवाकडी झाली होती. लाल पडदा चित्रावर चिकटून बसला होता, जणू त्याच्यावरच रंगवलेला. मेरीच्या झग्याचा निळा रंग रेशमातून पाझरल्यासारखा दिसत होता.

"माझी चूक," साहेब म्हणाले. "मी पेटी त्या बंद खोलीत ठेवली. दाराला ओले टॉवेल. तीन आठवडे. मी इंजिनिअर आहे, मला कळायला हवं होतं."

मी पेटी उचलून नाकाशी नेली. आंबूस वास आला, शिळ्या पेजेचा. टॉवेलाला असा वास नसतो. वरून कोरड्या दिसणाऱ्या पेटीच्या पोटात माझी खळ ओली होती, आणि मी तिला रबर, प्लास्टिक आणि पट्टी लावून बाहेर पडायचा एकही रस्ता ठेवला नव्हता. तिचं सगळं पाणी त्या कातड्यानं पिऊन टाकलं होतं. जे काम शिकायला मला वर्षं लागली होती, नेमकं तेवढंच मी केलं नव्हतं.

उस्तादांनीही पेटी हुंगली. माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांना खुर्ची देऊन मला आतल्या कागदाच्या खोलीत नेलं.

"पेटी किती दिवस वाळवलीस?"

मी टिपकागदांचा गठ्ठा सारखा करू लागलो.

"किती दिवस, या मुअल्लिम?"

"एक रात्र."

त्यांनी कपाळावर हात मारला. "ऐक. तो म्हणतोय टॉवेल, तर टॉवेल. मालक आधीच माणसं कमी करतोय. तुझा इकामा, इथं राहायचा परवाना, त्याच्या खणात पडलाय. एका गिऱ्हाइकानं तक्रार केली की खलास, पुढच्या विमानात तू. तोंड बंद ठेव आणि हात चालव."

मी तोंड बंद ठेवलं. घरी जी गोष्ट सांगतो ती इथून सुरू होते: टॉवेल ओले होते, आणि मग मी आलो.

पहिला दिवस आम्ही काहीच केलं नाही. म्हणजे पानांमध्ये कोरडे टिपकागद घालायचे, तासाभरानं बदलायचे आणि बसायचं. साहेब येरझाऱ्या घालत होते. उस्ताद त्यांना सारखे चहा देत होते. "आता का थांबलाय?" साहेब विचारायचे आणि मी मान खाली घालून म्हणायचो, "वाळायला वेळ लागतो, साहेब." हे वाक्य बोलताना जी लाज वाटायची ती कोणाला सांगू!

दुसऱ्या दिवशी सकाळी रेशमाला हात घातला. मी कोपरा चिमटीत धरला तसे उस्ताद ओरडले, "ओढू नकोस! कापड ओढलंस तर रंग घेऊन येईल. कापड उसव."

मला कळेना. मग त्यांनी चष्म्यावर भिंग धरलं, सुईच्या टोकानं पडद्याच्या कडेचा एक आडवा धागा सुटा केला, आणि तो चित्राला समांतर ठेवून हळूहळू काढून घेतला. एक धागा. अख्खं कापड एकदम उचललं तर रंगावर जोर येतो. एका धाग्याला जोर तो किती असणार? त्या माणसानं विणकाम उलटं चालवलं होतं. कोण्या मागावर कोणी विणलेलं ते रेशीम आम्ही धाग्याधाग्यानं परत करत होतो. चाळीस वर्षांच्या हाताशिवाय हे सुचत नाही. मी त्यांच्या शेजारी बसलो. ते डावीकडून, मी उजवीकडून.

मेरीचा चेहरा मोकळा झाला तेव्हा उस्तादांनी सुई खाली ठेवली, छातीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "सित्तना मरियम." आमची मरियमबाई. आणि पुन्हा सुई उचलली.

अकराच्या सुमारास भोंगा वाजला. नियम असा की सगळ्यांनी पट्ट्या मारलेल्या कागदाच्या खोलीत जायचं. छापखान्यातली माणसं पळाली. साहेबांना कंपनीनं वायूपासून बचावाचा मुखवटा दिला होता, तो त्यांनी चढवला आणि हत्तीसारखी सोंड घेऊन आमच्यापुढे उभे राहिले. आतून काहीतरी बोलत होते.

"काय म्हणतोय तो?" उस्ताद.

"चला म्हणतायत."

"त्याला सांग, माझ्या सुईवर अर्धा धागा आहे."

आम्ही बसून राहिलो. मग साहेबांनीही मुखवटा काढला आणि दिवा धरून उभे राहिले. लांब कुठंतरी धप्प झालं, खिडकीची पट्टी थरथरली. घरच्या आवृत्तीत याच क्षणी माझा हात हलतो. खरं म्हणजे तेव्हा माझा हात दगडासारखा स्थिर होता. हात चुकला तो तासाभरानं, सगळं शांत झाल्यावर, शेवटचे पाच-सहा धागे उरलेले असताना. झालं आता, असं मनात आलं आणि मी एक धागा जरासा वर उचलला. त्याच्या टोकाला पांढरा-गुलाबी ठिपका आला. धाकट्या मुलीचे जोडलेले हात.

साहेबांनी दिवा जरा जवळ आणला, पाहिलं आणि पुन्हा होता तिथं धरला.

उरलेला दिवस मी पानं ताणली. मिरजेला माझे मामा तबल्याला पुड्या चढवायचे, तेवढंच ज्ञान. ओल लागली की कातडं सैल पडतं. ते एकाच बाजूनं खेचलं तर फाटतं. सगळीकडून थोडं थोडं, आळीपाळीनं. सर्वांत वाकड्या पानांच्या कडांना कागदाच्या घड्या देऊन ऑफिसच्या क्लिपा लावल्या, क्लिपांना दोरा, दोरा फळीवरच्या खिळ्यांना. दर अर्ध्या तासानं एकेक दोरा केसभर आवळायचा. संध्याकाळपर्यंत बोटानं टिचकी मारली तर पान बोलायला लागलं. बाकीची पानं टिपकागदात घालून वजनाखाली ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेब सामान गाडीत टाकूनच आले. पुस्तक उघडलं. पूर्वीसारखं नव्हतं, पण पानं मिटत होती, राजाचं अक्षर चमकत होतं आणि कुटुंब पुन्हा ओळीनं बसलं होतं. साहेबांनी एकेक पान उलटलं. मला 'मायस्त्रो' म्हणाले, म्हणजे पुन्हा गुरुजीच. उस्तादांना मिठी मारली, ती पोटामुळे अर्धीच जमली.

"बहिणीला सगळं सांगणार आहे," ते म्हणाले. "मी हे आणलं, मी ओल्या खोलीत ठेवलं, माझ्या हलगर्जीनं त्या मुलीचे हात गेले. ती मला परत घरात घेईल असं वाटत नाही. ठीक आहे. निदान खोटं तरी बोलणार नाही."

उस्ताद माझ्याकडे बघत होते. चेहऱ्यावर सरळ लिहिलेलं: तोंड बंद.

मला फार उदात्त वगैरे काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर मालकाच्या खणातला इकामाच डोळ्यांपुढे होता. पण हा माणूस माझी खळ स्वतःच्या माथी घेऊन बहिणीच्या दारात उभा राहणार, आणि मी इथं मायस्त्रो! माझं इंग्रजी तुटकं. मी पेटी उचलली, अस्तराचा कोपरा सुरीनं फाडला आणि आतला पुठ्ठा दाखवला. त्याच्यावर अजून बुरशीचे हिरवे ठिपके होते.

"टॉवेल नाही, साहेब. पेटी ओली. मी. घाई केली मी."

साहेब बराच वेळ त्या पुठ्ठ्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. एवढा वेळ कोणी कोणाकडे बघू नये. बाहेर गाडीवाल्यानं हॉर्न दिला.

"मी तीन दिवस स्वतःला शिव्या घालतोय," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच जास्त लागला. "आणि तू माझ्यासमोर बसून धागे काढत होतास."

"हो, साहेब."

त्यांनी पुस्तक ओढून मधलं एक पान उघडलं. तिथं चित्र नाही, सोनं नाही, नुसत्या काळ्या ओळी. "हे वाच," म्हणाले, आणि मला वाचता येणार नाही हे लक्षात येऊन स्वतःच वाचू लागले, एकेक ओळ इंग्रजीत करत. कोर्टापुढे गावातला कोणी म्हातारा, सत्तरीच्या पुढचा. त्याला सही येत नाही. तो शपथेवर सांगतो की मला या माणसाकडून काही मिळायचं नाही, मी त्याचा नातेवाईक नाही, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं ते बोलतो. पुढं आणखी एक. पुढं आणखी. पानांमागून पानं.

"राजाचं नाव पहिल्या पानावर आहे," साहेब म्हणाले. "पण ही सनद मिळाली ती या लोकांमुळे. तू पण लिही. काय झालं ते. तुझ्या भाषेत लिही, मी खाली माझ्या भाषेत लिहितो. बहिणीला हे पुस्तकासोबत देईन."

उस्तादांनी मला एक चांगला जाड कागद कापून दिला. मी लिहिलं: 'मी मिरजेचा बाइंडर. या सनदेची पेटी मी खळ ओली असताना बंद केली. म्हणून रेशीम चिकटलं. एस्तेबान साहेबांच्या टॉवेलांचा दोष नाही. रेशीम रिफअत उस्तादांनी आणि मी धाग्याधाग्यानं सोडवलं, युक्ती त्यांची. धाकट्या मुलीचे हात माझ्या हातून गेले.' खाली सही केली. साहेबांनी प्रत्येक वाक्याचा अर्थ विचारून घेतला आणि खाली स्पॅनिशमध्ये लिहिलं.

साहेब कागदाची घडी घालणार तेवढ्यात उस्तादांनी हात पुढं केला. कागद घेतला, पेन घेतलं आणि घुश्शातच उजवीकडून अरबीत दोन ओळी लिहिल्या. सही ठोकली.

"काय लिहिलंत?" मी विचारलं.

"साक्ष. लिहिलं की मी या गाढवाला गप्प बस म्हणालो होतो आणि यानं ऐकलं नाही."

साहेब गेले. गाडी वळेपर्यंत उस्ताद दारात उभे होते. मग आत आले, लेजरांचा गठ्ठा माझ्यापुढे आपटला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "गप्प बस म्हणालो ते माझं चुकलं, हेही लिहिणार होतो. पण कागदावर जागा उरली नव्हती."

जागा चांगली चार बोटं होती. मी पाहिली होती.